बैलगाडीच्या रकान्यातली माणसं

आमच्या दारावरच्या पाटीवर 'मल्हारी सहादू पगारे' एवढंच लिहिलेलं आहे. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत ही गोष्ट लोकांना खटकते. इथे समोरच्या घरातल्या पोराने टायपिंगची परीक्षा दिली, तीसुद्धा पितळी अक्षरांत दारावर चढली आहे. आणि माझा भाऊ तर एम.ई., तोही वाहतूक नियोजन या विषयात. तो शिकला तेव्हा नाशकात या विषयाचं नावही कोणाला धड घेता येत नव्हतं. नवा पाहुणा आला की विचारतोच, "पदवी नाही लावली पाटीवर?" मल्हारी हसतो आणि "चहा घेणार ना?" म्हणत आत जातो. मला मात्र हसू येत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती पाहुण्यावर नाही, हे त्या बिचाऱ्याला कळावं म्हणून एकदा सगळं सांगूनच टाकते.

मी त्याची थोरली बहीण. तो मला आक्का म्हणतो, त्यामुळे सगळी कॉलनीही आक्काच म्हणते. आमचे वडील सहादू पगारे पेठ रस्त्यावर मैलकुली होते. रस्त्याचा एक तुकडा ज्याच्या गळ्यात बांधलेला असतो तो मैलकुली. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, चर मोकळा ठेवायचा आणि साहेबाची जीप दिसली की उभं राहून सलाम करायचा. आबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी रस्ता राखला आणि स्वतः त्यावरून पायीच ये-जा केली. मल्हारी बी.ई. होऊन त्याच रस्त्यांच्या खात्यात लागला, ते बघायला आबा नव्हते. आई होती. ती सगळ्यांना सांगायची, "माजं पोर खड्डे बुजवत नाय, खड्डा कुठं पडंल ते आधी सांगतं."

मी शिक्षिका. चौऱ्याहत्तर साली माझी बदली हरसूलच्या अलीकडच्या एका पाड्यावर झाली. बदली म्हणजे शिक्षाच, असं सगळ्यांनी मला सांगितलं आणि मीही रडतच गेले. पण तिथे लंकाबाई भेटली. सुट्टी सोडली तर मी पाड्यावरच खोली घेऊन राहायची, आणि शेजारीच तिचं घर. अंगाने काटकुळी, आवाज मात्र साऱ्या पाड्याला पुरेल असा. मी चूल फुंकून फुंकून डोळे लाल करून घेतले, की ती दारातूनच म्हणायची, "बाई, शाळा शिकलीस, फुंकणी नाय शिकलीस," आणि स्वतः येऊन जाळ करून जायची.

बाजाराच्या दिवशी पाड्यातल्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन हरसूलला निघत. पाटीत नागली, वरई, उन्हाळ्यात करवंदं, आणि काठावर पाय बांधलेली एखादी कोंबडी. मधे घाट. मीही तेलामिठासाठी त्यांच्याबरोबर चालायची. रस्त्याच्या दोन्ही कडांना तेव्हा मुरमाची पट्टी असे. खात्यात तिला साइडपट्टी म्हणतात. तिच्यावरून आम्ही एकीमागे एक चालायचो. ट्रक येवो, एस.टी. येवो, आमच्या गप्पा सुद्धा थांबायच्या नाहीत.

मग तो रस्ता रुंद झाला. रुंद झाला म्हणजे डोंगर कोणी फोडला नाही की दरी कोणी भरली नाही. साइडपट्टीवरच डांबर ओतलं आणि रस्ता रुंद झाला म्हणून जाहीर केलं. आता एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मधल्या सगळ्या डांबरावर गाड्या. चालणाऱ्या माणसाने कुठून चालायचं, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. साहेब लोक त्या रस्त्यावरून जीपने गेले होते, आणि जीपमधून रस्त्याकडेची माणसं दिसत असली तरी लक्षात राहत नाहीत.

त्याच वर्षी, पावसाळा सरता सरता, वळणावर लाकडाचा ट्रक समोरून आला. लंकाबाईची सून भागीबाई सगळ्यांच्या मागे होती. ती कातळाला चिकटली, पण डोक्यावरच्या पाटीला कातळात शिरता येईना. चाक तिच्या पायावरून गेलं. सिव्हिल हॉस्पिटलात तिचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ट्रकवाला म्हणाला, "बाई रस्त्यात होती." पंचनाम्यातही तेच आलं, की बाई रस्त्यात होती. अरे, मग कुठे असायला हवी होती? झाडावर?

मल्हारी त्या आठवड्यात मला भेटायला आला होता. लंकाबाईने त्याला अंगणात गाठलं. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "दादा, तू रस्त्याचा साहेब हाय ना? आमाला डांबर नको. डांबर गाड्यांना ऱ्हाऊ दे. कडंला एक वाट ठेव. पाटी घेऊन बाई जाईल येवढी. जास्त नाय."

"करून देतो, मावशी," मल्हारी म्हणाला.

मी त्याला लहानपणापासून ओळखते. तोंडदेखलं बोलणं त्याला जमत नाही. एकदा हो म्हटलं की ते त्याच्या डोक्यात खिळ्यासारखं बसतं. आम्ही दोघं भागीबाईला बघायला नाशिकला निघालो, तेव्हा एस.टी.त तो सगळा वेळ खिडकीबाहेर रस्त्याची कड बघत होता.

खात्यात त्याने विषय काढला. उत्तर मिळालं, "त्या रस्त्यावर वर्दळ कुठे आहे? आकडे दाखवा." कुठल्या रस्त्यावर किती वर्दळ, कशासाठी किती रुंदी, हे सगळं म्हणे आता शास्त्राने ठरतं आणि त्या शास्त्राची वेगळी पदवी असते. मल्हारीने बिनपगारी रजा टाकली आणि अठ्ठ्याहत्तर साली मुंबईच्या एका कॉलेजात एम.ई.ला नाव घातलं. कॉलनीत चेष्टेला ऊत आला. "ट्रॅफिक पोलीस व्हायला येवढं शिकावं लागतं का रे? शिट्टी सरकार देतं का आपली न्यायची?" आईने चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी नळावर म्हणाली, "शिट्टी सरकार देतं. तुमी फकस्त आडवं येऊ नका."

मल्हारीला तो विषय मनापासून आवडला, हे मात्र सांगितलं पाहिजे. सुट्टीत घरी आला की जेवताजेवता बोलत बसायचा. माणसं घरातून का निघतात, कुठे जातात, कुठल्या रस्त्याने जातात, हे आधीच ताडता येतं, म्हणायचा. एखाद्या गावात दवाखाना उघडला तर दहा वर्षांनी कुठल्या वळणावर गर्दी होईल, तेही सांगता येतं. सांगताना त्याचे डोळे असे चमकायचे की वाढलेलं गार व्हायचं. मलाही वाटायचं, काय सुंदर विद्या आहे. माणसाची पावलं ओळखणारी विद्या!

आणि मग त्याने ते सूत्र सांगितलं. एका घरातून दिवसाला किती माणसं बाहेर पडतील, हे काढायचं सूत्र. परदेशातल्या कुठल्याशा शहरात ते तयार झालं होतं आणि घरात मोटारी किती यावर ते चाले. मल्हारीने त्यात आमच्या पाड्याचे आकडे घातले. पाड्यात मोटार कुठली? उत्तर शून्य. म्हणजे शास्त्राप्रमाणे हरसूलकडचा माणूस जन्मात घराबाहेर पडत नाही!

"मग बाजारात कोण असतं?" मी विचारलं. "भुतं?"

त्याने वर्गातही हेच विचारलं होतं. वर्ग हसला. त्याचे गाईड सरही हसले आणि म्हणाले, "पगारे, तुम्ही तो भाग घेऊच नका. इथला एखादा चौक घ्या. पेट्रोल पंपासमोरचा घ्या, भरपूर आकडे मिळतील." मल्हारीने ऐकलं नाही. त्याने प्रबंधाला हरसूलचा घाट घेतला. लंकाबाईच्या वाटेसाठीच तर तो शिकायला गेला होता. पेट्रोल पंपासमोरचा चौक त्याला काय करायचा होता?

मोजणीला तो दोन मित्र घेऊन आला. बाजाराच्या दिवशी, भागीबाईचा पाय गेला त्याच वळणावर, आम्ही सगळे बसलो. मोजणीच्या छापील कागदावर रकाने होते. मोटार, ट्रक, एस.टी., सायकल, बैलगाडी. जे जाईल त्याच्या रकान्यात एक रेघ ओढायची. चालणाऱ्या माणसाला रकानाच नव्हता. मल्हारीने पट्टी घेऊन कागदाच्या कडेला स्वतः एक रकाना आखला आणि वर लिहिलं, 'पायी'. दिवसभर तोच रकाना भरत राहिला. पाट्यावाल्या बायका, पाठीवर पोर बांधलेल्या बायका, खांद्यावर कावड घेतलेले पुरुष, शेळ्या हाकणारी म्हातारी माणसं. कागद संपले तेव्हा माझ्या शाळेच्या वह्या फाडल्या. बैलगाडीच्या रकान्यात मात्र संध्याकाळपर्यंत एकही रेघ पडली नाही. त्या डोंगरात बैल असतो तो नांगराला. त्या चढावर गाडी कोण घालणार?

मल्हारी खुशीत होता. "आक्का, आता आकडे आहेत," म्हणाला. मलाही वाटलं, झालं काम.

कसलं झालं! त्यांच्या शास्त्रात सगळी वर्दळ मोटारीच्या मापात धरतात. ट्रक म्हणजे तीन मोटारी. सायकल अर्धी मोटार. बैलगाडी हळू चालते, रस्ता अडवते, म्हणून एका बैलगाडीच्या सहा-आठ मोटारी. एवढं सगळं मापलेलं आहे. पायी चालणाऱ्या माणसापुढे काहीच लिहिलेलं नाही. शून्यसुद्धा नाही. गाईड सरांनी 'पायी'चा रकाना लाल पेन्सिलीने खोडला.

"पगारे, यांना मी कुठल्या मापात धरू?"

"माणसांच्या, सर."

"तसं माप नाही. माणूस म्हणजे वाहतूक नव्हे. वाहतूक म्हणजे वाहनं."

"मग ही माणसं रस्त्यावर काय करतायत, सर?"

सर दुष्ट नव्हते. याचाच मला जास्त संताप येतो. दुष्ट माणसाला शिव्या घालून मन मोकळं करता येतं. या सरांनी मल्हारीला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि प्रेमाने तोड सुचवली. "हे बघा, हा रकाना राहिला तर बाहेरचे परीक्षक प्रबंध परत करतील. तुमची वर्षं फुकट जातील आणि त्या रस्त्याचं कामही राहून जाईल. असं करा, वीस माणसांची एक बैलगाडी धरा. रस्ता अडवण्याच्या दृष्टीने गोष्ट एकच. माणसं बैलगाडीच्या रकान्यात घाला. हिशेब सुटतो आणि तुमचं कामही होतं."

मल्हारी रातोरात घरी आला आणि सकाळी जेवायला बसला तो भरल्या ताटावरून उठला. असं त्याने कधी केलं नव्हतं. "लंकामावशीला मी बैल लिहू? भागीबाईला लिहू? आबा त्याच रस्त्यांवर पायी मेले, त्यांना काय लिहू? वीस आबा म्हणजे एक गाडी?"

मी म्हटलं, "मुळीच लिहायचं नाही. गेली पदवी तर गेली."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "तुमा दोघांना मान लय. बैल लिव, न्हाय तर गाढव लिव. कागदावर लिवल्यानं कुणाला शेपूट फुटत नाय. वाट नाय झाली तर आनखी येकीचा पाय जाईल, तवा तुजा मान घेऊन काय चुलीत घालू?"

मी आईशी कडकडून भांडले. मी म्हटलं, माणसाला जनावर लिहिणाऱ्यांचीच री ओढायची होती तर आपण एवढं कशाला शिकलो? आई भाकरी थापत राहिली. मल्हारी दुपारभर ओट्यावर बसून होता. संध्याकाळी पिशवी उचलली आणि मुंबईला गेला. माणसं बैलगाडीच्या रकान्यात गेली.

प्रबंध पास झाला, पहिल्या वर्गात. विहारात सत्कार झाला. आईने नवं लुगडं नेसलं, पोरांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. कॉलनीतल्या पेंटरने हौसेने पाटी रंगवून आणली, 'मल्हारी सहादू पगारे, एम.ई.' अशी. मल्हारीने त्याचे आभार मानले आणि पाटी कॉटखाली सरकवली. "आधी वाट होऊ दे," म्हणाला, "मग लावू."

परत कामावर रुजू झाल्यावर त्याला नियोजनाच्या टेबलावर बसवलं. त्याचा प्रबंध फायलीला लागला. वरचे साहेब तो वाचून चकितच झाले. हरसूलच्या घाटात बैलगाड्यांची एवढी अतोनात वर्दळ! आणि खात्याला पत्ताच नाही! साहेबांनी स्वतःच्या सहीने शिफारस केली की गाड्यांमुळे ट्रकची कोंडी होऊ नये म्हणून घाटात डांबरी रस्त्याच्या कडेने स्वतंत्र गाडीवाट काढावी. त्र्याऐंशी साली कातळ फुटला. रस्त्याला लागून, मधे दगडांची बुटकी रांग घालून, मुरमाची झकास वाट झाली.

काम चालू असतानाच बायका तिच्यावरून जायला लागल्या. लंकाबाईने मल्हारीला पाड्यात बोलावून नागलीची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा खाऊ घातला. भागीबाई कुबडी घेऊन वाटेच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. कुठे जायचं होतं म्हणून नव्हे, नुसती बघून आली. मल्हारी घरी येऊन मला म्हणाला, "आक्का, आता पाटी लावली तरी चालेल." मी खिळे काढून ठेवले.

उद्घाटन व्हायच्या आदल्या दिवशी खात्यात धावपळ उडाली. गाडीवाटेचं उद्घाटन, आणि गाडीच नाही. सगळा परिसर पालथा घातला. शेवटी खाली गिरणारे गावाकडून एक बैलगाडी आणि दोन बैल ट्रकात घालून आणले. बैलांच्या शिंगांना बेगड लावली, फीत कापली, गाडी पन्नास पावलं चालली, फोटो निघाले. मग गाडी आणि बैल परत ट्रकात चढवले. बैल चढायला तयार होईनात, तेव्हा ज्यांच्यासाठी वाट काढली असं कागदावर नव्हतं त्या माणसांनीच त्यांना मागून ढकललं. एवढं डोळ्यांनी बघूनही एका साहेबाला विचारावंसं वाटलं नाही की बाबांनो, तुमच्या त्या अतोनात बैलगाड्या आहेत कुठे?

विचारलं, पण सहा महिन्यांनी आणि उलटं. पाहणीला आलेल्यांना वाटेवर गाडी एकही दिसली नाही, बायकाच बायका दिसल्या. कोणाही शहाण्या माणसाने यातून काय काढलं असतं? खात्याने काढलं ते असं, की पायी चालणाऱ्यांच्या अडथळ्यामुळे गाड्या वाटेवर येत नाहीत. वाटेच्या दोन्ही तोंडांना पाट्या ठोकल्या, 'फक्त बैलगाड्यांसाठी'. आणि कोंडाजी नावाच्या मैलकुलीला हुकूम दिला, की माणसांना वाटेवर फिरकू द्यायचं नाही.

कोंडाजी हातात काठी घेऊन उभा राहिला. गरीब माणूस, त्याच्या नोकरीचा प्रश्न. "बायांनो, वर व्हा," म्हणायचा. "ही वाट गाड्यांची हाय, मान्सांची नाय." आणि बायका पाट्या घेऊन पुन्हा डांबरावर. शेजारी तयार वाट मोकळी पडलेली, आणि ट्रकचा भोंगा वाजला की बायका दगडांच्या रांगेला चिकटून उभ्या. मी चिकटून उभी राहिलेली आहे. माझ्या पदराला ट्रकचा वारा लागलेला आहे. त्या वेळी मला ज्या शिव्या सुचल्या त्या शिक्षिकेला शोभणाऱ्या नव्हत्या, आणि मी त्या दिल्या.

मल्हारी साहेबांच्या केबिनमध्ये गेला. सरळ सांगितलं, "साहेब, प्रबंधातल्या गाड्या म्हणजे माणसं आहेत. वीस माणसांची एक गाडी धरलीय. वाट त्यांचीच आहे. पाट्या काढा."

साहेबांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "गाड्या नाहीत असं लिहून देता? द्या. गाड्या नसतील तर वाटेची गरज नव्हती. मग वाट रद्द, तिच्यावरही डांबर पडेल. खोटे आकडे दिले म्हणून तुमची पदवी जाईल, नोकरीचंही बघावं लागेल. शिफारशीवर माझी सही आहे, पगारे. माझ्या सहीखाली गाड्या आहेत. तेव्हा गाड्या आहेत."

पदवीचं त्याला काही वाटलं नसतं. घरी येऊन तो मला म्हणाला, "आक्का, खरं बोललो तर वाट जाते. आणि नाही बोललो तर वाट आहे, पण माणसाला नाही." मी त्याला इतका हरलेला कधी पाहिला नव्हता. काढून ठेवलेले खिळे मी परत डब्यात टाकले. कॉटखालच्या पाटीकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.

रविवारी तो पाड्यावर आला आणि लंकाबाईच्या अंगणात उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तुम्हाला मी बैलगाडी लिहिलं. तुमच्यासाठीच लिहिलं, पण लिहिलं. त्याला वाटलं होतं, ती त्याला हाकलून देईल. लंकाबाईने पदराच्या टोकाने तोंड पुसलं. मग एवढंच विचारलं, "म्हंजी सरकारच्या कागदात गाडी मंजूर हाय?"

"आहे, मावशी."

"आन् गाडी म्हंजी आमी?"

त्याने खाली मान घालूनच होकार दिला. लंकाबाई उठली आणि गोठ्यात गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सगळ्या बायका वाटेच्या तोंडाशी थांबल्या. लंकाबाईने गोठ्यातलं नांगराचं जू आणलं होतं. एक टोक तिने खांद्यावर घेतलं, दुसरं पाड्यातल्याच धोंडाबाईने. त्या दोघींच्या पाट्यांतला माल बाकीच्यांनी वाटून घेतला. पुढे जुवाखाली त्या दोघी आणि मागे रांगेने आम्ही सगळ्या. कोंडाजी काठी घेऊन आडवा आला, तेव्हा लंकाबाई न थांबता म्हणाली, "गाडी हाय. वाचता येत नसंल तर साह्यबाला इचार." कोंडाजीने आमच्याकडे पाहिलं, ठोकलेल्या पाटीकडे पाहिलं, आणि काठी काखेत घालून तो बाजूला झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मात्र रडू आलं नाही. साठीची लंकाबाई, खांद्यावर जू. मला एकेकाच्या दारात जाऊन त्या साहेबांना, त्या सरांना, लाल पेन्सिलीला ओढत आणावंसं वाटत होतं. बघा म्हणावं, तुमचा हिशेब सुटलाय, चालतोय बघा.

मग प्रत्येक बाजाराला जू येत राहिलं. बातमी वर गेलीच. एका बाजाराच्या दिवशी साहेब जीप घेऊन स्वतः आले, शेजारी मल्हारीला बसवून. वाटेच्या तोंडाशीच त्यांनी आम्हाला गाठलं.

"हा काय तमाशा आहे?"

"गाडी हाय, साह्यब," कोंडाजी सलाम करून म्हणाला.

"ते जू काढ आधी त्यांच्या खांद्यावरून!"

कोंडाजी जागचा हलेना, तेव्हा जीपचा ड्रायव्हर पुढे झाला आणि त्याने धोंडाबाईच्या बाजूने जू ओढलं. ती घाबरून मागे सरली. तिचं टोक दाणकन खाली आपटलं. लंकाबाई वाकली, पण तिने आपलं टोक सोडलं नाही. एका खांद्यावर तिरकं झालेलं जू घेऊन ती तशीच उभी राहिली.

मल्हारी जीपमधून उतरला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. तो सरळ चालत आला, खाली पडलेलं टोक उचललं आणि आपल्या खांद्यावर घेतलं.

"पगारे! जीपमध्ये बसा!"

"साहेब, या घाटात बैलगाड्या आहेत," मल्हारी म्हणाला. त्याचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. "तुमच्या सहीखाली आहेत. त्यातलीच ही एक. मी स्वतः मोजलीय. वाट हिची आहे. का गाड्या नाहीत असं तुम्ही लिहून देता?"

ते दारामागचं बोलणं आता पाड्यातल्या सगळ्या बायकांसमोर उभं होतं. साहेब जीपमध्ये बसले आणि जीप वळली. महिन्याभरात मल्हारीची बदली नांदगावला झाली, पुढे बढतीही अडकत राहिली. त्याने कधी तक्रार केली नाही, मीच आयुष्यभर करत आले. वाट मात्र कोणी रद्द केली नाही आणि कोंडाजीनेही पुन्हा काठी उचलली नाही. कॉटखालच्या त्या पाटीच्या मी एक दिवस बंबासाठी ढलप्या केल्या आणि दारावर नुसत्या नावाची पाटी लावली.

पण त्या दिवशी हे पुढचं कोणालाच माहीत नव्हतं. जीप दिसेनाशी झाली तरी मल्हारी जू खांद्यावर घेऊन तसाच उभा होता. मग दोघं चालायला लागली. तो लंकाबाईपेक्षा उंच म्हणून जू सारखं तिच्या बाजूला कलत होतं, आणि ते सावरताना तो रस्त्याकडे झुकत होता. मागून आम्ही सगळ्या निघालो. दहा पावलं गेल्यावर लंकाबाई त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "नीट चाल रं दादा. तिकडं डांबरावर पाय टाकू नको."